खेळाचा संगणक जुळवायचा कसा?



दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात आमच्या गावातले एक गृहस्थ आले. हातात वहीचा फाडलेला कागद. रामराम झाला, चहा झाला, पण कागद काही ते पुढे करीनात. शेवटी म्हणाले, "गुरुजी, पोरानं यादी दिलीय. कापसाचे पैसे आले की एवढं सामान आणून द्या म्हणतो. यातलं गरजेचं किती अन् हौसेचं किती, तेवढं वाचून सांगा."

मी कागद पाहिला. आठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक नाव, पुढे चार आकडे, मागे दोन अक्षरे. किराणाची यादी असती तर त्यांनी माझ्याकडे कशाला आणली असती? मुलाला खेळ खेळायला संगणक हवा होता, आणि तोही तयार नव्हे, तर सुटे भाग आणून घरी जुळवलेला. सगळे मिळून साठ हजारांच्या आत बसवायचे होते. साठ हजार म्हणजे त्या घराच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे.

त्या दिवशी मी त्यांना जो सल्ला दिला, त्यातला एक भाग चुकीचा होता, आणि ती चूक त्यांना महागात पडली. ती कोणती, हे मी पुढे सांगणारच आहे. पण आधी आपण ती यादी समजून घेऊ. उद्या तुमच्या घरी असा कागद आला, किंवा एखादे पालक तो घेऊन शाळेत आले, तर तुमची अडचण व्हायला नको.

सुटे भाग आणून वस्तू जुळवणे हे आपल्याला काही नवीन नाही. बैलगाडी अशीच होत असे. तुंबा आणि आरे सुताराने करायचे, धाव लोहाराने चढवायची, आख वेगळा, जू वेगळे. मोडले तर तेवढेच बदलायचे. एक आरा मोडला म्हणून कुणी गाडी टाकून देत नसे. संगणकाचेही तसेच आहे. जुळवलेल्या संगणकाचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि चार वर्षांनी हाताशी पैसे आले तर एखादा भाग वरच्या दर्जाचा घालता येतो. मांडीवरच्या संगणकात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, ही सोय फारशी नसते. मात्र गाडीची अट इथेही आहे. चाक कितीही चांगले असले तरी ते आखावर बसले पाहिजे.

आता पहिला प्रश्न. तो यादीत कधीच नसतो. तो मुलाला विचारायचा: "बाळ, तू खेळणार काय? आणि कोणत्या पडद्यावर?"

हा प्रश्न का, ते बघा. पडद्यावरचे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० ठिपके. हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले, तर खेळ डोळ्यांना सुरळीत दिसतो. म्हणजे सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाख सोळा हजार ठिपके रंगवायचे! आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. बरोबर चौपट. पडदा चौपट बारीक झाला की रंगवण्याचे कामही तितकेच वाढते, आणि ते काम करणारा भागही महाग होतो.

दुसरे असे, की पडद्यालाही स्वतःची गती असते. ती हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. संगणकाने दीडशे काढली तरी वरची नव्वद तुम्हाला दिसायची नाहीत. तेव्हा जुनाच ६० हर्ट्झचा पडदा वापरायचा असेल, तर त्याच्या मागे फार भारी यंत्र लावणे म्हणजे पाव एकराच्या वाफ्याला दहा अश्वशक्तीची मोटार बसवण्यासारखे आहे. खेळही सगळे सारखे नसतात. माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट यांसारखे खेळ बेताच्या यंत्रावर चालतात. २०२० साली आलेला सायबरपंक २०७७ यासारख्या खेळाला मात्र दणकट यंत्र लागते. खेळ आणि पडदा ठरला, की अर्धी यादी आपोआप ठरते.

आता एकेक भाग घेऊ. पहिला प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड. ही दोन नावे मुले सगळ्यांत आधी लिहितात. प्रोसेसर हा हिशेब करणारा. खेळातला कोण कुठे उभा आहे, चेंडू कुठे पडेल, भिंत आडवी येते की नाही, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड हे रंगवणारे. ठरलेले चित्र ठिपक्या-ठिपक्याने काढणे हे त्याचे काम. प्रोसेसर मुख्यतः इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांचे मिळतात. ग्राफिक्स कार्डांच्या मूळ चिपा एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल बनवतात.

या दोघांची जोडी जमावी लागते. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार बसवली आणि पुढे एक इंची नळी जोडली, तर वाफ्यात पाणी किती येईल? नळीपुरतेच. तसेच इथे आहे. हिशेब करणारा मंद असेल तर रंगवणारा हात बांधून बसतो. रंगवणारा मंद असेल तर हिशेब पडून राहतो. खेळासाठी संगणक असेल तर पडदा सोडून उरलेल्या रकमेपैकी एक तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक ग्राफिक्स कार्डावर घालावे, प्रोसेसर मध्यम घ्यावा, असा साधारण ठोकताळा आहे. कार्डाची स्वतःची मेमरी किती, हेही पाहावे. नव्या जड खेळांना ८ गिगाबाइट मेमरी काही वेळा अपुरी पडू लागली आहे.

प्रोसेसरच्या नावाचे शेवटचे अक्षर नीट वाचा, बरं का. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्र काढण्याची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. कार्ड पुढच्या वर्षी घेऊ, असा विचार असेल तर हे अक्षर टाळलेले बरे.

तिसरा भाग मदरबोर्ड. बाकीचे सगळे भाग याच्यावर बसतात. इथेच आखाचा आणि चाकाचा प्रश्न येतो. प्रत्येक प्रोसेसरची बैठक ठरलेली असते, तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे रायझन प्रोसेसर २०१७ साली आले ते एएम-४ या बैठकीवर. २०२२ साली कंपनीने एएम-५ ही नवी बैठक आणली. एकीचा प्रोसेसर दुसरीवर बसत नाही. इंटेलच्या बैठकीच्या नावातच तिच्या टोकांची संख्या असते. २०२१ साली १७०० टोकांची बैठक आली, २०२४ साली १८५१ टोकांची. आकडा जुळला नाही तर प्रोसेसर बसणार नाही. जोर करून बसवायला गेलात तर केसाएवढ्या पिना वाकतील, आणि वाकलेली पिन दुकानदार परत घेत नाही.

आणखी एक गोष्ट. बैठक जुळली तरी मदरबोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बोर्डाला तो प्रोसेसर ओळखता येत नाही. बोर्डातली मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, आधी अद्ययावत करावी लागते. विकत घेतानाच दुकानदाराला हे करून द्यायला सांगावे.

चौथी रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती. एएम-४ च्या बोर्डावर डीडीआर-४ रॅम लागते, एएम-५ वर डीडीआर-५. इंटेलच्या १७०० टोकांच्या बोर्डांत काही डीडीआर-४ चे आहेत, काही डीडीआर-५ चे. तेव्हा खोक्यावर वाचूनच घ्यावे. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. खेळासाठी १६ गिगाबाइट ही आजची बेताची गरज धरा. ती १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. का? रॅमकडे जायला दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. रॅमचे भाव मात्र भाजीपाल्यासारखे चढतात-उतरतात. २०२५ च्या उत्तरार्धात मोठमोठ्या माहिती-केंद्रांची मागणी वाढली आणि हे भाव भराभर चढले. म्हणून जुना भाव गृहीत धरून हिशेब करू नये.

पाचवा भाग साठवणुकीचा, आपले कोठार म्हणा. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची. तिच्यातून सेकंदाला शंभर-दोनशे मेगाबाइट माहिती निघते. एसएसडीमध्ये फिरते काही नसते. साध्या साटा एसएसडीतून साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई जातीच्या एसएसडीतून दोन-तीन हजार किंवा त्याहून अधिक मेगाबाइट निघते. एकेक जड खेळ शंभर गिगाबाइटच्या घरात जागा खातो, म्हणून जमल्यास १ टेराबाइट घ्यावी. एक सावधगिरी: एम-डॉट-टू नावाची चपटी पट्टी साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही जातींत मिळते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. आपला बोर्ड कोणती घेतो, ते विचारून घ्या.

आता सहावी ओळ. त्या मुलाच्या यादीत इथे एका नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय होता. बाजारात याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाच्या भागांना १२, ५ अशा लहान व्होल्टची वीज पुरवतो. मी विचार केला, याने काही खेळ वेगात चालत नाही, चित्र सुंदर होत नाही, मग यावर एवढे पैसे कशाला? दुकानातून भाव मागवले. तेवढ्याच वॅटचा, नाव नसलेला एक डबा अडीच हजारांनी स्वस्त मिळत होता. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "वॅट तेवढेच आहेत. हा स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत पोराला चांगला कळफलक आणा."

मुलगा तिथेच उभा होता. काही बोलला नाही. गुरुजींच्या पुढे कसे बोलणार?

संगणक उभा राहिला. चार महिने उत्तम चालला. उन्हाळा लागला, आणि एका संध्याकाळी खेळ ऐन रंगात असताना फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. पॉवर सप्लाय तर गेलाच, पण जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाळेत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, वॅट तर तेवढेच होते ना?"

मंडळी, त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते. पुढे मी शोधले, ते असे. डब्यावर छापलेले वॅट आणि डबा तासन् तास देऊ शकेल ते वॅट, यांत फरक असू शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवर असते. म्हणून लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती वॅट लिहिले आहेत, ते वाचायचे. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये वीज कमीजास्त झाली, भार वाढला किंवा कुठे तारेला तार लागली, तर स्वतः बंद पडून पुढचे भाग वाचवणारी मंडले असतात. हलक्या डब्यात नेमकी त्यांतच काटकसर केलेली असते. आमच्याकडे मागच्या भागांना वाचवणारा राखणदार मी अडीच हजारांसाठी काढून टाकला होता.

भूक किती, हे मोजायलाही सोपे आहे. एक उदाहरण घेऊ. आरटीएक्स ४०६० या कार्डाची नोंद ११५ वॅटची आहे. प्रोसेसरचे ९० धरा, बाकी भागांचे ६० धरा. बेरीज २६५. त्यावर मोकळीक ठेवून ४५० ते ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुष्कळ झाला. हजार वॅटचा घेण्याचे कारण नाही. कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. कार्डाला कोणती वायर लागते आणि ती आपल्या डब्याला आहे की नाही, ते पाहावे. २००४ पासून '८० प्लस' नावाची एक खूण प्रचारात आहे. ठरलेल्या भारांवर निदान ८० टक्के वीज कामी येते, असा तिचा अर्थ. म्हणजे आत २४० वॅट हवे असतील तर भिंतीतून ३०० ओढले जातात आणि ६० उष्णतेत जातात. वीजबिलाच्या भाषेत, तीन तास जड खेळ म्हणजे जवळजवळ एक युनिट. पण ही खूण मुख्यतः काटकसरीची आहे. राखणदार मंडले आहेत की नाहीत, हे वेगळे विचारावे लागते.

सातवी ओळ कॅबिनेटची, आठवी पंख्यांची. मोठा, म्हणजे एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, त्याहून लहान मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, मोठा लहानात नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी. हवा पुढून आत आणि मागून बाहेर, अशी वाट असावी. पुढे जाळी असेल तर ती काचेपेक्षा बरी.

आपल्या गावाकडे काही गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. पहिली अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर तिसऱ्या पिनेची अर्थिंग नीट नाही असे समजा आणि आधी वायरमनला बोलवा. दुसरी, वीज जाणे-येणे. लहान ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळाचा संगणक आणि पडदा मिळून तो काठावर येतो. त्याहून मोठा घ्यावा, आणि वीज गेली की खेळत न बसता संगणक बंद करावा. त्याचे काम तेवढेच आहे. तिसरी, धूळ. कॅबिनेट जमिनीवर किंवा बंद कपाटात ठेवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी वीज काढून कोरड्या ब्रशाने जाळी साफ करावी. ओले फडके लावू नये. मागच्या रिकाम्या फटींच्या पट्ट्या काढून टाकू नयेत. पालीला तेवढी वाट पुरते.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर करा, नाहीतर जिल्ह्याच्या गावी करा, पण पक्की पावती घ्या आणि प्रत्येक भागाचा क्रमांक तिच्यावर लिहून घ्या. आमच्या स्वस्त डब्याची पावती साध्या चिठ्ठीवर होती. दुकानात परत गेलो, पण त्या चिठ्ठीला कुणी विचारले नाही. जुना माल घ्यायचा असेल तर चालू स्थितीत, निदान अर्धा तास खेळ चालवून पाहून घ्या. कचेरीतला जुना संगणक घेऊन त्यात कार्ड घालण्याचा बेत पुष्कळ जण करतात. अशा संगणकाचा पॉवर सप्लाय बहुधा लहान आणि निराळ्या मापाचा असतो, हे ध्यानात ठेवा. शिवाय विंडोज १० ची नेहमीची मदत कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ फार जुन्या यंत्रावर रीतसर बसत नाही.

जुळवताना तीन गोष्टी. आधी वीज काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढा. तो तसाच राहिला तर प्रोसेसर तापतो. आणि पडद्याची वायर मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. कार्ड आणून ते रिकामे बसवून ठेवणारे लोकही मी पाहिले आहेत.

पालकांना एक सांगतो. खेळ म्हटला की जुगार, असे समजू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मुलाचा खेळ त्यातला नाही ना, हे त्याच्या शेजारी बसून पाहा. वेळेचे बंधन घाला. आणि त्याच यंत्रावर चित्रे काढता येतात, हिशेब ठेवता येतो, आज्ञावली लिहायला शिकता येते, हेही त्याच्याकडून करून घ्या. शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की असा कागद घेऊन मूल आले तर त्यालाच फळ्याजवळ उभे करा. ठिपक्यांचा गुणाकार, वॅटची बेरीज, टक्केवारी, मिलिमीटर, सगळे गणित त्यात आहे.

आता राहिली आमची गोष्ट. नव्या मदरबोर्डचे आणि पॉवर सप्लायचे निम्मे पैसे मी दिले. त्या गृहस्थांनी आधी नको म्हटले, मग घेतले, आणि त्यांनी घेतले याचे मला बरे वाटले. भाग आले त्या रविवारी मुलाने माझ्या देखत ते जुळवले. जुना जळका डबा उघडायला मी त्याला मनाई केली; वीज काढल्यावरही आत काही काळ भार राहतो. संगणक सुरू झाला तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, तुला हे आधी ठाऊक होतं ना?" तो म्हणाला, "हो गुरुजी." "मग बोलला का नाहीस?" त्यावर तो नुसता हसला.

तेव्हा मंडळी, यादी आणणाऱ्या मुलाला शेवटचा एक प्रश्न जरूर विचारा: "ही वस्तू तू का लिहिलीस?" आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. मी विचारले असते तर त्या घराचे पैसे वाचले असते.